तेच पत्ते, तीच धडक

या महिन्याच्या टपालात फायरवॉलचे (नेटवरून येणाऱ्यांना अडवणाऱ्या पहाऱ्याचे) प्रश्न बरेच आहेत आणि गाऱ्हाणं बहुतेकांचं एकच आहे: ब्लॉक केलेला आयपी पत्ता परत येतो. त्यातली चार पत्रं घेतली आहेत. लातूरच्या पत्राला जागा जास्त गेली, पण तिथली अडचण फक्त तिथली नाही.

प्रश्न : सर, मी लातूरला नीटच्या एका क्लासचा सर्व्हर बघतो. ऑनलाइन टेस्टचं पोर्टल भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर आहे आणि त्यावर फेल-टू-बॅन (चुकीचे पासवर्ड मारणाऱ्या पत्त्याला काही वेळ ब्लॉक करणारं सॉफ्टवेअर) लावलंय. रोज रात्री तेच तेच आयपी एसएसएचवर (सर्व्हरवर दूरून लॉगिन करायच्या सोयीवर) पासवर्ड मारत बसतात. दहा मिनिटं ब्लॉक होतात, सुटले की परत हजर. वैतागून मी एक फाइल केली. जो दिसेल तो आयपी आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) कायमचा ड्रॉप, म्हणजे गुपचूप टाकून द्यायचा. दीड वर्षात ती फाइल साडेसहा हजार ओळींची झाली. आता अहमदपूर, चाकूरकडच्या काही पोरांचे फोन येतात की पोर्टल उघडतच नाही. वायफायवर उघडतं, मोबाइलच्या नेटवर नाही. मालक म्हणतात, सगळी यादी उडवून टाक. उडवू का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : एकदम उडवू नका. पण आहे तशी ठेवलीत तर फोन वाढतच जाणार.

आधी पोरांचं बघू, कारण टेस्ट त्यांची बुडते. आयपीव्ही४चे, म्हणजे नेहमीच्या चार आकड्यांच्या पद्धतीचे, पत्ते सगळ्या जगाला मिळून ४२९ कोटी. ते कधीच पुरेनासे झाले, म्हणून मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे पुष्कळ ग्राहक बसवतात. त्यासाठी कंपनीच्या आतल्या बाजूला वापरायचा १००.६४ने सुरू होणारा पट्टा २०१२मध्ये वेगळा काढून ठेवलाय. म्हणजे अहमदपूरच्या पोराचा तुमच्या सर्व्हरला दिसणारा पत्ता त्याच्या एकट्याचा नसतोच. वर्षापूर्वी त्या पत्त्यामागच्या कुणाच्या तरी व्हायरस लागलेल्या फोनने तुमच्याकडे पासवर्ड मारले असतील. तुम्ही पत्ता अडकवला. तो फोन आज कुठे आहे कोण जाणे, पण पत्ता फिरत फिरत चाकूरच्या एखाद्या पोरीच्या वाट्याला आला आणि तिच्या मोबाइलवर नुसतं चक्र फिरतंय. ड्रॉप केलेल्या पाकिटाला (नेटवरून येणाऱ्या माहितीच्या तुकड्याला) उत्तरच जात नाही, त्यामुळे तिला साधा एररही दिसत नाही. तिला वाटतं आपलंच नेट गंडलंय.

तक्रार करणाऱ्या पोराला मोबाइल डेटावर असतानाच ‘माझा आयपी कोणता’ हे सांगणारं कुठलंही पान उघडायला लावा आणि स्क्रीनशॉट मागवा. तो आकडा फाइलीत शोधा. सापडला की हूइजमध्ये (पत्त्यांच्या मालकांच्या सार्वजनिक नोंदवहीत) बघा पत्ता कुणाच्या नावावर आहे. मोबाइल कंपनी किंवा घरगुती ब्रॉडबँडवाला निघाला तर तो लगेच काढा. त्या कंपनीच्या नावावरचे बाकीचे पत्तेही त्याच बैठकीत काढून टाका. भाड्याने सर्व्हर देणारी होस्टिंग कंपनी निघाली, तर राहू द्या. होस्टिंगच्या पत्त्यावरून नीटची टेस्ट द्यायला कुणी येत नाही. साडेसहा हजार ओळी हाताने तपासायची गरज नाही, हूइजला ओळीने विचारणारी छोटी स्क्रिप्ट रात्रभर संथपणे चालू द्या. घाईने विचारलंत तर हूइजवालेच तुम्हाला ब्लॉक करतील, आणि हे विनोदाने म्हणत नाहीये.

आता परत येणाऱ्यांचं. फेल-टू-बॅन बसवल्यावर जी मापं येतात ती अशी: दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की दहा मिनिटांची बंदी. पासवर्ड मारणाऱ्या प्रोग्रामला दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही, तेवढ्यात तो दुसऱ्या शंभर सर्व्हरांवर फिरून येतो. हाकललेला रोही रात्री परत त्याच तुरीच्या वावरात उतरतो, तसला प्रकार. यावर उपाय त्याच सॉफ्टवेअरात पडून आहे. ‘रेसिडिव्ह’ नावाचा एक जेल (बंदीच्या नियमांचा गट) असतो, तो मुळात बंद ठेवलेला असतो. तो सर्व्हरचे लॉग (घडामोडींच्या नोंदी) बघत नाही, फेल-टू-बॅनचा स्वतःचाच लॉग वाचतो. एका दिवसात एखाद्या पत्त्यावर पाच वेळा बंदी आली, की हा त्याला आठवडाभर बाहेर ठेवतो आणि तेही सगळ्या पोर्टांवर (सर्व्हरच्या सगळ्या दारांवर). एसएसएचवर दंगा करणारा मग वेबवरही येऊ शकत नाही.

दुसरी सोय ०.११ आवृत्तीपासून आली: ‘बॅनटाइम इन्क्रिमेंट’. ती चालू केली की दर खेपेची बंदी आधीच्या दुप्पट होते. दहा मिनिटं, वीस, चाळीस, ऐंशी. दहा वेळा दुप्पट झाली की आठवडा ओलांडतो. मला ही रेसिडिव्हपेक्षा जास्त आवडते. पासवर्ड विसरलेला तुमचा एखादा प्राध्यापक दहा-वीस मिनिटांत सुटतो, आणि मुद्दाम येणारा आपोआप लांब जातो. कमाल मुदत मात्र ‘बॅनटाइम मॅक्सटाइम’मध्ये लिहून ठेवा. मी चार आठवडे ठेवतो. त्याहून लांब बंदी घालावी असा पत्ता फार क्वचित सापडतो.

इथे बहुतेक जण एका ठिकाणी ठेचकाळतात. फेल-टू-बॅन जुन्या बंद्यांची आठवण एका छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतं आणि ‘डीबी पर्ज एज’ नावाच्या सेटिंगप्रमाणे ती पुसत जातं. मुळात ती मुदत एक दिवसाची असते. म्हणजे आठवड्याची बंदी घालायची आणि आठवण एका दिवसाची! सर्व्हर किंवा सर्व्हिस रीस्टार्ट झाली की पूर्वीचे पराक्रम गायब. बंदीची कमाल मुदत जितकी असेल त्याहून ही आठवण जास्त ठेवा. आणि हे सगळे बदल ‘जेल डॉट लोकल’ आणि ‘फेल-टू-बॅन डॉट लोकल’ या फायलींत करा. ‘कॉन्फ’वाल्या मूळ फायलींना हात लावलात तर पुढचं अपडेट ते पुसून टाकू शकतं.

तुमच्या फाइलीबद्दल आणखी एक. आयपीटेबल्समध्ये साडेसहा हजार वेगवेगळे नियम असले की येणारं पाकीट वरून खाली एकेका नियमाशी ताडून बघितलं जातं. जो निर्दोष आहे त्यालाच सगळ्या रांगेतून जावं लागतं, कारण त्याचं नाव कुठेच नसतं. त्याऐवजी आयपीसेट वापरा. सगळे पत्ते एका संचात टाका आणि नियम एकच लिहा: या संचात असेल तर ड्रॉप. संचात शोधणं हॅशने (रांग न तपासता थेट जागा काढून) होतं, त्यामुळे पत्ते शंभर असोत की पन्नास हजार, फरक जाणवत नाही. मुळात एका संचात ६५,५३६ नोंदी मावतात, ती मर्यादा वाढवताही येते. नव्या सर्व्हरवर एनएफटेबल्स (आयपीटेबल्सच्या जागी आलेली फायरवॉल) असेल तर तिथे संच आतच आहेत, वेगळं काही बसवावं लागत नाही.

संच करताना ‘टाइमआउट’ आणि ‘कॉमेंट’ हे दोन्ही पर्याय मागून घ्या. टाइमआउटमुळे नोंद मुदत संपली की स्वतःहून गळते. आयपीसेटमध्ये ही मुदत २१,४७,४८३ सेकंदांपर्यंतच जाते, म्हणजे पंचवीस दिवसांना थोडी कमी. कॉमेंटमध्ये तारीख, कारण आणि टाकणाऱ्याचं नाव लिहा: ‘१२ मार्च, एसएसएच, चौथी खेप, होस्टिंग’. तुमच्या आजच्या फाइलीतली सगळ्यात मोठी खोट हीच आहे. साडेसहा हजार ओळी आहेत, पण कोणती ओळ का आहे हे तुम्हालाही सांगता येणार नाही. म्हणून तर मालक सरसकट उडवायला सांगतायत, आणि त्यांना काय उत्तर द्यावं हे तुम्हाला सुचत नाही.

टेस्ट पोर्टलच्या लॉगिनला मात्र हा पाच चुकांचा नियम लावू नका. लातूरच्या एका अभ्यासिकेत चाळीस पोरं एकाच वायफायवर बसलेली असतात. टेस्ट सुरू व्हायच्या आधीच्या दहा मिनिटांत त्यातल्या पाच जणांनी मिळून पासवर्ड चुकवला, की चाळीसही बाहेर. वेबच्या लॉगिनला अडवायचं ते खात्याला: पाच चुकांनंतर ते खातं काही मिनिटं थांबवा, पत्ता मोकळा ठेवा. पत्त्याला फार तर वेगाची मर्यादा घाला. एनजिनक्स या वेब सर्व्हरमध्ये ती घालता येते, पण जास्त झालेल्या मागणीला ते मुळात ५०३ हा कोड पाठवतं आणि पोरांना सर्व्हर पडल्यासारखं वाटतं. तो बदलून ४२९ करा आणि पानावर मराठीत लिहा, ‘थोडं थांबून पुन्हा करा’.

राहिलं एसएसएच. ते सगळ्या जगाला उघडं कशाला? त्यावर काम करणारे तुम्ही आणि फार तर अजून एक जण. पासवर्डने लॉगिन बंद करून फक्त ‘की’ (डिजिटल किल्ली) ठेवा, आणि जमलं तर वायरगार्ड या व्हीपीएनच्या (खाजगी जोडणीच्या) मागे न्या. ते २०२०पासून, ५.६ आवृत्तीपासून, लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. रात्रीचे ते लॉग मग जवळजवळ रिकामे होतील आणि एवढ्या मोठ्या यादीची गरजच पडणार नाही. हे करण्याआधी, स्वतःच बाहेर अडकू नये म्हणून, होस्टिंग कंपनीच्या पॅनलवरून कन्सोल उघडतो का ते तपासून घ्या, आणि ऑफिसचा स्थिर आयपी ‘इग्नोर आयपी’त (कधीच बंदी न घालायच्या पत्त्यांत) टाका.

प्रश्न : दादा, आमचा सेलूला इंटरनेटचा धंदा आहे. केबलचा होता, आता फायबर टाकलंय. मेन राउटर मायक्रोटिकचा आहे. बाहेरून विनबॉक्सवर (राउटर सांभाळायच्या प्रोग्रामवर) लॉगिन फेल, लॉगिन फेल असा लॉग भरून जातो. ॲड्रेस लिस्ट करून ड्रॉपचा नियम लावला. तरी दोन अडचणी. लाइट गेली आणि यूपीएसने दम टाकला की नंतर यादी रिकामी दिसते. आणि आता वरची, म्हणजे आम्हाला नेट देणारी, कंपनी म्हणते, तुमच्याच पत्त्यांवरून दुसऱ्यांवर हल्ले चाललेत. आम्ही तर कुणाच्या अध्यात ना मध्यात.
— एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : यादी रिकामी होते ती बिघाडाने नाही. मायक्रोटिकमध्ये मुदत घालून टाकलेला पत्ता फक्त रॅममध्ये राहतो, राउटर बंद पडला की जातो. मुदतीशिवाय टाकलेला डिस्कवर लिहिला जातो आणि टिकतो. आपल्याकडे लाइटचा भरवसा काय आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. तरीही सगळं कायमचं करून टाकू नका. मुदतीच्या नोंदी गेल्या तर जाऊ द्या, जो खरंच मागे लागलाय तो तासाभरात परत येऊन स्वतःचं नाव नोंदवेल. जे पट्टे तुम्ही स्वतः तपासून पक्के केलेत तेवढेच वेगळ्या यादीत कायमचे ठेवा.

त्यासाठी पायऱ्यांची जुनी पद्धत चांगली आहे. नवं कनेक्शन आलं की पत्ता पहिल्या यादीत, एका मिनिटापुरता. त्या मिनिटात परत आला तर दुसऱ्या यादीत, परत आला तर तिसऱ्या, आणि त्यानंतर थेट काळ्या यादीत दहा दिवस. नियम लिहिताना क्रम उलटा लागतो: काळ्या यादीचा नियम सगळ्यात वर, पहिल्या पायरीचा सगळ्यात खाली. क्रम चुकला तर एकच पाकीट एका दमात सगळ्या पायऱ्या चढून जातं. ड्रॉपचा नियम ‘रॉ’ टेबलच्या प्रीराउटिंगमध्ये ठेवा. तिथे कनेक्शन ट्रॅकिंगच्या (प्रत्येक कनेक्शनची नोंद ठेवण्याच्या) आधीच पाकीट टाकून दिलं जातं, त्यामुळे मारा वाढला तरी सीपीयूचा जीव जात नाही.

पण विनबॉक्सचं पोर्ट ८२९१ बाहेरून दिसतंच का? २०१८मध्ये विनबॉक्समधल्या एका त्रुटीतून पासवर्ड न देताच राउटरमधल्या फायली वाचता येत होत्या, त्यात वापरकर्त्यांच्या पासवर्डांची फाइलही होती. दुरुस्ती त्याच वर्षी एप्रिलमध्ये निघाली, तरी ती न घेतलेले राउटर पुढे कितीतरी काळ लुटले गेले. असल्या हल्ल्यात लॉगिन फेल होतच नाही, मग तुमची यादी कुणाला पकडणार? ‘आयपी सर्व्हिसेस’मध्ये जाऊन विनबॉक्सला फक्त तुमच्या मॅनेजमेंटच्या पट्ट्यातूनच येऊ द्या. टेलनेट (दूरून लॉगिन करायची जुनी सोय), एफटीपी, एपीआय वापरत नसाल तर बंद करा. राउटरओएसची (राउटरच्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती आजच बघा.

आणि दुसऱ्या अडचणीबद्दल थोडं कडू बोलतो. वरची कंपनी बरोबर सांगत असणार. तुमच्या ग्राहकांत कापड दुकान आहे, मेडिकल आहे, लॉज आहे, आणि प्रत्येकाकडे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर आहे. बसवणाऱ्याने पासवर्ड कंपनीचाच ठेवलेला असतो आणि मोबाइलवर दिसावं म्हणून पोर्ट उघडून दिलेला असतो. २०१६मध्ये मिराय नावाच्या प्रोग्रामने असेच कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर टेलनेटवरून, कंपनीच्या ठरलेल्या पासवर्डांनी काबीज केले होते. त्याचा कोड उघड झाला आणि त्याच्या पिलावळीचा त्रास अजून चालू आहे. तेव्हा यादी बाहेरून आत येणाऱ्यांसाठी जशी केलीत, तशीच आतून बाहेर जाणाऱ्यांसाठीही करा. ग्राहकांच्या पट्ट्यातून २३ आणि २३२३ या पोर्टांवर बाहेर जाणारी कनेक्शन अडवा आणि कोण प्रयत्न करतोय त्याची यादी आठवडाभर जमू द्या. कापड दुकानाला सेलूतून परदेशात टेलनेट करायचं काहीच कारण नाही. जे नाव यादीत येईल त्याच्याकडे माणूस पाठवा. फोनवर सांगून डीव्हीआरचा पासवर्ड बदलला जात नाही. बंद करून चालू केला की व्हायरस जातो, कारण मिरायसारखे प्रोग्राम मेमरीतच राहतात, पण पासवर्ड तोच राहिला तर थोड्याच वेळात परत लागतो.

ग्राहकाचं पूर्ण नेट तोडू नका. तो दुसऱ्या ऑपरेटरकडे जाईल आणि डीव्हीआर तसाच घेऊन जाईल.

प्रश्न : आम्ही जालन्याला एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात आयटीचं काम करतो. इंटरनेटवर मिळणारी ‘फायरहोल लेव्हल वन’ ही वाईट पत्त्यांची फुकटची यादी फायरवॉलला जोडली. दुसऱ्या सेकंदाला प्रिंटर, टॅली, सगळं बंद. यादीच खराब आहे का?
— दोन वाचक, जालना

उत्तर : यादी खराब नाही, जोडली चुकीच्या बाजूला. त्या यादीत बोगॉनही असतात, म्हणजे इंटरनेटवर कधी दिसायलाच नको असे पत्ते. त्यात १९२.१६८, १७२.१६ आणि १०ने सुरू होणारे खाजगी पट्टे आले, आणि तुमचा प्रिंटर तिथेच राहतो. ही यादी फक्त बाहेरच्या इंटरफेसवर, बाहेरून येणाऱ्या पाकिटांना लावायची असते. तिथेही एक मेख आहे: तुमची फायरवॉल नेट देणाऱ्या कंपनीच्या मोडेमच्या मागे बसली असेल, तर तिच्या ‘बाहेरच्या’ बाजूचा पत्तासुद्धा १९२.१६८चाच असू शकतो. आधी तो बघा.

तुमच्या जागी मी असतो तर स्पॅमहाउसच्या ड्रॉप यादीपासून सुरुवात केली असती. ती छोटी आहे, फुकट आहे आणि तिच्यात एकेकटे पत्ते नसून गुन्हेगारांनी बळकावलेले किंवा भाड्याने घेतलेले अख्खे पट्टे असतात. चुकून सज्जन माणूस अडकण्याची शक्यता फार कमी. दिवसातून एकदा आणली तरी पुरते. आणताना मात्र डोळे उघडे ठेवा. नेट मध्येच तुटलं आणि रिकामी फाइल आली, तर स्क्रिप्टने जुनी यादी पुसून रिकामी लावू नये. नवी यादी वेगळ्या संचात भरा, ओळी मोजा, आपला स्वतःचा पत्ता आणि खाजगी पट्टे तिच्यात नाहीत ना ते तपासा, आणि मगच दोन संचांची अदलाबदल करा. आयपीसेटमध्ये त्यासाठी ‘स्वॅप’ आहे, मधल्या मध्ये एक क्षणही दार उघडं राहत नाही.

देशच्या देश ब्लॉक करायचं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. पगाराच्या सॉफ्टवेअरला फक्त भारतातून येऊ देणं ठीक आहे, गोंगाट कमी होतो. पण त्याला सुरक्षा समजू नका. मुंबईत क्लाउडवर सर्व्हर भाड्याने घ्यायला कुणालाही काही मिनिटं पुरतात, आणि मग हल्लेखोर तुमच्या यादीत भारतीयच दिसतो.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरवर एक पत्ता महिनाभर त्रास देतोय. मुलगा म्हणतो, मी त्याच्यावरच उलट हल्ला करून मशीन पाडतो. करू देऊ का? पोलिसांकडे जायचं का?
— एक वाचक, धाराशिव

उत्तर : मुलाला आवरा. तो पत्ता हल्लेखोराचा नसून बहुधा त्याने काबीज केलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनचा आहे. ते पाडलं तर माहिती तंत्रज्ञान कायदा २०००ची कलमं ४३ आणि ६६ तुमच्या मुलाला लागतात. ‘त्याने आधी केलं’ म्हणून सुटका होत नाही.

हूइजमध्ये त्या पत्त्यासमोर गैरवापराची तक्रार करायचा ईमेल दिलेला असतो. त्यावर लॉगच्या चार-पाच ओळी पाठवा. वेळेसोबत भारतीय वेळ आहे असं स्पष्ट लिहा, नाहीतर तिकडचा माणूस साडेपाच तास पुढे-मागे शोधत बसतो. सर्व्हरचं घड्याळ एनटीपीने (नेटवरून वेळ जुळवायच्या सोयीने) जुळवलेलं असेल तरच या ओळींना किंमत आहे. होस्टिंगवाले पुष्कळदा खरंच कारवाई करतात.

नुसते फसलेले लॉगिन असतील तर पोलिसांकडे जाऊन हाती फारसं लागणार नाही. पण कुणी आत शिरल्याचं दिसलं तर गोष्ट वेगळी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत त्यांना कळवायची असते, आणि लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असतात. खात्यातून पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तुमच्या सर्व्हरवर लॉग किती दिवस राहतात ते आज उद्यात बघून घ्या. बऱ्याच लिनक्स सर्व्हरांवर ते चार आठवड्यांनी आपोआप पुसले जातात, आणि तुमचा त्रास तर महिनाभराचा आहे.